छळाला चिकाटी म्हणू नका : ट्रेझर आयलंड डिझीबद्दल थोडं कडू

लीस्टरची_लेक
नाना_४८के यांचा परवाचा लेख वाचला. सूर असा की, हल्लीच्या पोरांना मेल्यावर जिथल्या तिथे पुन्हा उभं राहायची सोय लागते. आम्ही स्पेक्ट्रमवर, म्हणजे त्या जुन्या घरगुती कंप्युटरवर, ट्रेझर आयलंड डिझी हा गेम एका जिवावर खेळलो, म्हणून आमच्या अंगी चिकाटी आली. खाली 'अगदी अगदी'ची रांग. तिथेच लिहायला बसले, पण फारच लांबलं, म्हणून वेगळा धागा.

नाना, मीही खेळलेय तो गेम. इथे इंग्लंडात, लीस्टरला, कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे मिठाईच्या बरण्यांशेजारी गेमच्या कॅसेटींचा फिरता स्टँड असायचा. खाऊच्या पैशांत परवडायच्या त्या तेवढ्याच. आता खरं सांगा, स्नॉर्कल, ती पाण्याखाली श्वास घ्यायची नळी, आठवतो ना? अंडोबांच्या, म्हणजे अंड्यासारख्या त्या नायकाच्या, डिझीच्या, पिशवीत तीनच वस्तू मावतात. बटण दाबलं की रांगेत पुढे असेल ती वस्तू खाली पडते. कोणती टाकायची हे विचारण्याची पद्धतच नाही. पाण्याखाली काही उचलायला गेलात आणि स्नॉर्कलचा नंबर आला असेल, तर तो गळून पडतो आणि अंडोबा जागीच गार. जीव एकच. म्हणजे पुन्हा पहिल्या पडद्यापासून, तीसच्या तीस नाणी नव्याने शोधायची. त्यातली काही तर झाडाझुडपांच्या चित्रामागे लपवलेली, दिसतच नाहीत.

ह्याला अवघड म्हणत नाहीत. अवघड म्हणजे मॅनिक मायनर. तिथे मेलात तर चूक तुमची असते आणि ती डोळ्यांना दिसते. इथे चूक बटणाची आणि शिक्षा मला. आणि हे करणाऱ्यांनाच पटलं होतं बरं का! १९८९च्या फँटसी वर्ल्ड डिझीत ऑलिव्हर बंधूंनी तीन जीव दिले आणि वस्तू निवडायला यादीही दिली. मग ते काय चिकाटीचे शत्रू?

नाना_४८के
ताई, लेख पुन्हा वाचा. 'सगळे गेम असेच हवेत' असं मी कुठे म्हटलंय?
अहो, स्पेक्ट्रमची मेमरी ४८ के, म्हणजे ४८ किलोबाइट. ती किती? आज व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा गुलाब त्याहून मोठा असतो. तेवढ्यात बेट, गुहा, समुद्र, खजिना सगळं बसवायचं. मरणं स्वस्त केलं असतं तर पोरांनी दुपारच्या चहाआधी गेम संपवला असता आणि पैसे बुडाले म्हणून गळा काढला असता. आम्ही चौकटीच्या वहीवर नकाशा काढला, कोणती वस्तू कुठे लागते ते लिहिलं, पिशवीतला क्रम तोंडपाठ केला. पाण्यात शिरण्याआधी क्रम लावून घ्यायचा, हेच तर कोडं होतं! तुम्हाला ते सुटलं नाही, ही गेमची चूक नव्हे.

अर्धवट_डेव्ह
नाना, पोटापाण्यासाठी गेमच बनवतो, म्हणून बोलतो. 'दुपारच्या चहाआधी संपला असता' यातच तुम्ही सगळं कबूल केलंत. गेम छोटा, स्वस्तातला होता आणि तो लांबवायला खेळणाऱ्याचा वेळ जाळला. कोडं एकदा सुटलं की सुटलं. सुटलेली कोडी पुन्हा पुन्हा चालत जाऊन सोडवणं ही निव्वळ हमाली.
आणि ती कोलांटी! एकदा उडी मारली की हवेत दिशा बदलता येत नाही. खाली आला तरी गडगडत राहतो आणि कड्यावरून थेट खाली. एक जीव असलेल्या गेमला असा नायक देणं हा खुनशीपणा आहे.

कुजकट_कावळा
एक दुरुस्ती. स्पेक्ट्रम-स्पेक्ट्रम काय लावलंय? ऑलिव्हर बंधूंचं मूळ काम ॲमस्ट्रॅड या दुसऱ्या कंप्युटरवर चालायचं. पहिला डिझी (१९८७) तिथूनच स्पेक्ट्रमवर आला. चालू द्या.

सदाशिव_पोक
'स्वस्त होता म्हणून छळत होता' हा सिद्धांत ऐकून मौज वाटली. आपल्याकडे भारतात स्वस्त आणि महाग हा भेद होताच कुठे? डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन १९८६ मध्ये डीबी स्पेक्ट्रम प्लस आणला, तो आमच्या घरी आला. गेम यायचे मित्राच्या मित्राकडून, नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एकामागून एक भरलेले. महागडा एलिट आणि स्वस्त डिझी एकाच बाजूला, टेपच्या आकड्यावरून शोधायचे. भाव दोघांचा सारखाच, म्हणजे कोऱ्या कॅसेटचा.

आणि महागडे गेम काय साधुसंत होते? १९८४चा जेट सेट विली आठवा. पूर्ण किमतीचा गेम, पण माळ्याच्या खोलीत एकदा गेलात की दुसऱ्याच खोल्या बिघडायच्या आणि गेम पुरा करणंच अशक्य. प्रकाशकांनी आधी 'ते मुद्दामच केलंय, विषारी वायू आहे' असं सांगून पाहिलं. शेवटी पोक (मेमरीतला आकडा बदलून चूक सुधारायची किंवा अमर व्हायची युक्ती) छापून आले तेव्हा कुठे सुटका झाली.

लीस्टरची_लेक
सदाशिवराव, जेट सेट विलीचं मान्य. पण बाकीचा प्रतिसाद वाचून हसावं की रडावं कळेना. म्हणजे ज्यांनी गेमला छदाम मोजला नाही, ते मला चिकाटी आणि तत्त्वं शिकवणार? दोन तरुण भावंडं घरी बसून गेम लिहीत होती. कॅसेटमागे त्यांना मिळत असेल तो वाटा, तोही तुम्ही बुडवलात.

सदाशिव_पोक
आल्या मोठ्या रॉयल्टीवाल्या! विकत घ्यायचा तर कुठून घ्यायचा होता ते सांगा. आमच्या गावात ना तुमचा फिरता स्टँड, ना दुकान. पाउंड पाठवायचे तर परकीय चलनाचे नियम, माल आला तर कस्टम. दहा-बारा वर्षांच्या पोराने रिझर्व्ह बँकेत अर्ज करायचा होता का?

नाना_४८के
सदाशिव +१. आणि चोरी म्हणे फुकट होती! मोल मोजलंय आम्ही. जेट सेट विलीबरोबर रंगीत चौकोनांचं कार्ड यायचं. सुरुवातीला त्यावरचा कोड घातल्याशिवाय गेम सुरूच होत नसे. कार्डाची झेरॉक्स काळी-पांढरी. आमचा टीव्हीही काळा-पांढरा. कुठला करडा म्हणजे हिरवा आणि कुठला निळा, यावरून आम्हा भावांची हाणामारी व्हायची. शेवटी नाशिकरोडच्या एका दादाने झेरॉक्सवर रंगांची आद्याक्षरं लिहून दिली.

लीस्टरची_लेक
नाना, हा किस्सा मात्र झकास. खरं सांगायचं तर डबल डेकवर कॅसेटवरून कॅसेट भरून देणारा मुलगा आमच्या शाळेतही होता आणि त्याच्याकडे रांग लागायची. पण दुकान दारात असूनही ती चोरी होती आणि आम्ही तिला चोरीच म्हणायचो. तुम्ही तिचा स्वातंत्र्यलढा करताय.

अर्धवट_डेव्ह
धागा डिझीवर आहे ना? एक सरळ प्रश्न. नाना, तुम्ही ट्रेझर आयलंड डिझी पोक न वापरता संपवलात का? हो की नाही?

नाना_४८के
पोक वापरणं हाही एक अभ्यास होता. मासिकातला आकडा कुठे घालायचा हे कळायला लोडर, म्हणजे गेम मेमरीत चढवणारा छोटा प्रोग्राम, वाचावा लागायचा, थोडं मशीन कोड समजावं लागायचं. मी आज जी नोकरी करतो तिचं मूळ तिथे आहे.

अर्धवट_डेव्ह
म्हणजे नाही.

नाना_४८के
तुम्ही वकील व्हायला हवं होतं. हो, अमर होऊनच संपवला. झालं समाधान? तरी नकाशा माझाच होता.

लीस्टरची_लेक
'एका जिवावर खेळलो, म्हणून चिकाटी आली.' लेख तुमचा, नाना, माझा नव्हे. एवढं एक वाक्य खोडा, बाकीच्या आठवणींना मीही 'अगदी अगदी' म्हणेन.

नाना_४८के
खोडत नाही. फार तर 'खेळायला घेतला' असं करतो.

कुजकट_कावळा
अवांतर: माळ्यावर डीबी स्पेक्ट्रम सापडलाय. कळांची एक ओळ चालत नाही. मेंब्रेन (कळांखालचा पातळ पडदा) मिळते का कुठे?

सदाशिव_पोक
नवीन बनवलेल्या मिळतात, इंग्लंडातून मागवाव्या लागतात. जुनी काढताना रिबन ओढू नका, ती वाळून कडक झालेली असते, तुटतेच. आणि घरातला दिसेल तो ॲडॅप्टर लावू नका. ह्याला ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण असतं, बहुतेकांच्या उलट. लीस्टरकर ताई सुट्टीला येताना मेंब्रेन आणत असतील तर त्यांना विचारा. पावतीसकट आणतील.

लीस्टरची_लेक
आणीन. पैसे आधी.