शाळेच्या नवीन हॉलमध्ये आवाज प्रचंड घुमतोय, स्पीकर वाढवायचे का? (नाशिक)

गंगापूररोड_बाई
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेचं सभागृह यंदा बांधून झालं. लांबी २४ मीटर, रुंदी १२, उंची ६, वर स्लॅब, खाली कोटा, भिंतींना प्लास्टर-पेंट, खुर्च्या प्लास्टिकच्या. दिसायला छान झालंय पण परवाच्या पालकसभेत (शंभरेक पालक होते) सर बोलत होते ते पाचव्या-सहाव्या रांगेच्या मागे कुणाला कळेचना, म्हणजे आवाज येतो भरपूर पण शब्द लागत नाहीत, एकात एक मिसळतात. आत्तापर्यंत गॅदरिंग आम्ही कालिदास कलामंदिर भाड्याने घेऊन करायचो, तिथे शेवटच्या रांगेत बसलेल्या आजी-आजोबांना पण पोरांचे संवाद कळायचे. आता साऊंडवाले म्हणतायत अजून चार मोठे स्पीकर आणि जास्त वॅटचा ॲम्प्लिफायर लावा म्हणजे प्रश्न मिटला. संस्था पैसे एकदाच देणार आहे, डिसेंबरात गॅदरिंग. पहिलीतली मुलं महिनाभर पाठ करतात, त्यांचे आईबाप कामावर खाडा करून येतात, त्यांना ते ऐकू आलं पाहिजे हो. काय करावं?

सातपूर_ऑडिओ
ताई, त्या कोटेशनवर अजून सही करू नका. तुमच्याकडे आवाज कमी पडत नाहीये, आवाज विरत नाहीये. स्पीकर वाढवले की बोलणं मोठं होईल आणि घुमणंही तेवढंच मोठं होईल, शब्द तिथल्या तिथेच.

हिशोब सोपा आहे, करून दाखवतो. हॉलचं घनफळ १७२८ घनमीटर, त्याला ०.१६१ ने गुणलं की २७८ येतात. याला हॉलमधल्या एकूण शोषणाने भागायचं, जे उत्तर येईल तितके सेकंद आवाज रेंगाळतो (म्हणजे ६० डेसिबलने खाली यायला लागणारा वेळ). तुमच्या भिंती, छत, फरशी मिळून १००८ चौरस मीटर, पण प्लास्टर आणि कोटा आवाज खातात जेमतेम तीन-चार टक्के, म्हणजे शोषण धरा ४०. रिकाम्या हॉलमध्ये झाले जवळपास ७ सेकंद! एक माणूस कपड्यांसकट साधारण ०.४ शोषतो, शंभर पालक म्हणजे अजून ४०, तरी साडेतीन सेकंद. बोलण्यासाठी हवा १ सेकंदाच्या आसपास. सर एक शब्द बोलतात तेव्हा आधीचे चार-पाच शब्द अजून हवेतच असतात, आणि व्यंजनांचा आवाज मुळातच बारीक, तो आधीच्या स्वरांच्या घुमण्याखाली गाडला जातो. म्हणून आवाज येतो पण कळत नाही.

हे सूत्र अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांचं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नवीन लेक्चर हॉलची अगदी तुमच्यासारखी तक्रार होती, तिथे एक शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. ते शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायचे, हॉलमध्ये मांडायचे, ऑर्गनची नळी वाजवून स्टॉपवॉचने मोजायचे आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचे. कालिदासला पण गादीच्या खुर्च्या आहेत, त्यामुळे प्रेक्षक कमी आले तरी तिथे फार बिघडत नाही. तुमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या काहीच शोषत नाहीत.

२०० माणसं बसलेली धरून १ सेकंदावर यायचं तर अजून साधारण १६० शोषण लागेल, म्हणजे आवाज शोषणाऱ्या चांगल्या पॅनेलचे २०० चौरस मीटर. पैसे आधी इथे घाला.

इंदिरानगर_आर्किटेक्ट
वरच्यांशी पूर्ण सहमत. फक्त ते २०० मीटर कुठे लावायचे ते महत्त्वाचं, सगळे छताला लावून मोकळे झालात तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये टाळीचा आवाज तर्रर्र करत फिरत राहील (मधोमध उभं राहून टाळी वाजवून बघा, आत्तापण येत असेल).

सुरुवात मागच्या भिंतीपासून. स्टेजवरचा आवाज तिथे आदळून परत येतो तो ४८ मीटर फिरून, म्हणजे १४० मिलिसेकंद उशिरा. ५० च्या वर गेलं की कानाला वेगळा प्रतिध्वनी म्हणून ऐकू येतो आणि बोलणारा स्वतःच अडखळतो. नंतर छताच्या मागच्या दोन तृतीयांश भागात जागा सोडत सोडत, उरलेलं बाजूच्या भिंतींवर पट्ट्या-पट्ट्यांनी, समोरासमोर न येऊ देता. स्टेजच्या लगतचं, पुढच्या रांगांवरचं छत मात्र कडकच ठेवा, तिथून परावर्तन झालेला आवाज मागच्यांना मदत करतो, तो फुकटचा आहे, घालवू नका.

माल म्हणाल तर ५० मिमी रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंची गादी), घनमीटरला ४८ किलो घनतेचं, मागे ५० मिमी पोकळी, वर कापड. पोकळीने खालच्या पट्टीचा आवाजही जरा आवरतो. जिथे पोरांचे हात आणि दप्तरं लागतील तिथे वूडवूल बोर्ड (लाकडाच्या तंतूंचा), ते दणकट असतं. अंड्याचे ट्रे, थर्माकोल, उघडा फोम यातलं काहीही नको. ट्रे आणि थर्माकोलने घुमणं थांबत नाही, आणि तिन्ही पेटतात, फोमचा धूर विषारी असतो. शेकडो मुलं बसणाऱ्या जागेत हा विषय चर्चेलाच घेऊ नका, प्रत्येक मालाचं आगीचं सर्टिफिकेट मागा. भारतीय मानक पण आहे सभागृहांच्या ध्वनीरचनेचं, आयएस २५२६, १९६३ चं, संस्थेच्या मीटिंगमध्ये दाखवायला उपयोगी पडेल.

गंगापूररोड_बाई
खूप खूप धन्यवाद दोघांना. साडेतीन सेकंदांचा हिशोब वाचून पहिल्यांदा कळलं की नक्की काय होतंय. अजून दोन प्रश्न: नाटुकल्यात पंधरा-वीस मुलं असतात, माईक किती घ्यायचे? आणि लेझीम-ढोल हॉलमध्ये घ्यावं का?

पंचवटी_रंगकर्मी
ढोल मैदानात घ्या बाई. नाशिक ढोल हे मोकळ्या हवेचं वाद्य, बंद हॉलमध्ये दहा ढोल म्हणजे लहान मुलांच्या कानांना खरोखर त्रास.

माईकचं म्हणाल तर जेवढे कमी तेवढे चांगले. चालू माईकांची संख्या दुप्पट झाली की कुई (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये शिरून होणारी शिट्टी) न होता मिळणारा आवाज ३ डेसिबलने कमी होतो, आठ माईक एकदम उघडे ठेवले तर ९ गेले. स्टेजच्या कडेला जमिनीवर ठेवायचे दोन-तीन बाउंड्री माईक आणि मुख्य पात्रांना गालाजवळचे वायरलेस, बस. वरून टांगलेले माईक घुमणारा आवाजच जास्त पकडतात, ते टाळा. मिक्सरवर बसणाऱ्याच्या हातात संहिता द्या आणि ज्याचा संवाद नाही त्याचा माईक त्याने खाली ओढलाच पाहिजे, हे काम नववीची मुलगीसुद्धा उत्तम करते, मी बघितलंय. आणि पोरांना माईक हनुवटीशी धरायला शिकवा, जाळीवर हात झाकून धरला की कुई होणारच.

सातपूर_ऑडिओ
आता स्पीकर. मोठे डबे नकोत, कॉलम घ्या (उभ्या अरुंद खोक्यात एकावर एक बसवलेले छोटे स्पीकर). कॉलमचा आवाज आडवा पसरतो, वर-खाली कमी, त्यामुळे छताकडे न जाता माणसांकडे जातो. स्टेजच्या दोन बाजूंना दोन, स्टेजच्या थोडे पुढे, म्हणजे माईक त्यांच्या मागे राहतील. मग १६ मीटरवर दोन छोटे, मागच्या रांगांसाठी. या मागच्यांना डिले (आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणं) हवाच, १६ मीटर कापायला आवाजाला ४७ मिलिसेकंद लागतात, त्यात १० ते १५ मिळवा म्हणजे ६० च्या जवळपास सेट करा, मग मागच्याला पण आवाज स्टेजवरूनच आल्यासारखा वाटतो. डिले नसेल तर मागचे स्पीकर लावूच नका, अजून गोंधळ होईल.

बिल देण्याआधी एक चाचणी घ्या. पाचवीतल्या मुलाला एकमेकांशी संबंध नसलेले ५० शब्द वाचायला द्या, वाक्यं नकोत कारण वाक्यात माणूस अंदाजाने भरून घेतो. शेवटच्या दोन रांगांत बसलेल्यांनी ते लिहून घ्यायचे. एकदा पंखे बंद ठेवून, एकदा चालू ठेवून. पंखे चालू केल्यावर चुका एकदम वाढल्या तर आधी पंखे बदला, स्पीकरला हात लावू नका.