काजू ड्रायर एमिशन टेस्टला अडतोय: वाय कपॅसिटर वाढवणं हा इलाज की पळवाट?

कुडाळ_पॅनेल
मशीन असं आहे: काजूगर सुकवायचा ड्रायर, २ किलोवॅट हीटर, ३७० वॅटचा बीएलडीसी (इन्व्हर्टरवर चालणारा) ब्लोअर, पत्र्याची बॉडी, तीन पिनी प्लग, वजन २२ किलो. कंट्रोलरचा सप्लाय ६५ किलोहर्ट्झवर स्विच होणारा फ्लायबॅक. सीआयएसपीआर १४-१ स्टँडर्डप्रमाणे कंडक्टेड एमिशन, म्हणजे सप्लायच्या वायरीतून बाहेर पडणारा इलेक्ट्रिकल गोंगाट, तीन ठिकाणी नडतं. १९५ किलोहर्ट्झला ६८ डीबी मायक्रोव्होल्ट, तिथे मर्यादा ६४ च्या आसपास. १ ते ३ मेगाहर्ट्झमध्ये अगदी काठावर. आणि १६ मेगाहर्ट्झला ६६, मर्यादा ६०. सगळे आकडे क्वासी-पीक, म्हणजे पीक किती वेळा येतो तेही धरून केलेली मोजणी.

माझं मत सरळ आहे. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मधले वाय कपॅसिटर २.२ नॅनोफॅरडचे आहेत, ते १० चे करायचे. सुरक्षेच्या आयईसी ६०३३५-१ स्टँडर्डमध्ये क्लास १ च्या (बॉडी अर्थ केलेल्या) स्थिर मोटर उपकरणाला ३.५ मिलिअँपिअर लीकेज, म्हणजे अर्थकडे झिरपणारा करंट, चालतं. १० नॅनोफॅरडला पाऊण मिलिअँपिअर येतं. बोर्ड बदलायचा नाही, दोन पार्ट बदलले की काम झालं. याला विरोध कशासाठी?

जांभाकातळ
विरोध दोन कारणांसाठी. पहिलं, याने टेस्ट पास होणारच नाही.

६५ च्या तिप्पट १९५. दुप्पट १३०, ती १५० च्या खाली म्हणून मोजणीत येत नाही. ६५ किलोहर्ट्झ निवडतात ते त्यासाठीच. हा १९५ चा पीक बहुतेक वेळा डिफरन्शियल असतो, म्हणजे फेज आणि न्यूट्रलच्या मधला. अर्थला लावलेला वाय त्याला काय करणार? खात्री करायची तर सॉकेटजवळ फेज-न्यूट्रलमध्ये १ मायक्रोफॅरडचा एक्स२ कपॅसिटर (फेज-न्यूट्रलमध्ये लावायचा सुरक्षित प्रकार) तात्पुरता लावा. पीक खाली बसला तर डिफरन्शियल.

१६ मेगाहर्ट्झला तर नुकसानच होईल. कपॅसिटरचे पाय आणि ट्रॅक मिळून ३० नॅनोहेन्री धरा. २.२ नॅनोफॅरड त्याच्याबरोबर १९ मेगाहर्ट्झच्या पुढे रेझोनेट होतो, १० नॅनोफॅरड ९ च्या आसपास. त्यापुढे तो कपॅसिटर राहतच नाही, कॉइल होतो. १६ ला २.२ चा इम्पिडन्स दीड ओहम, १० चा दोन ओहम. मोठा कपॅसिटर लावून फिल्टर कमजोर केला असं होईल.

दुसरं कारण अर्थिंगचं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जांभा वाळून खडखडीत होतो आणि नेमका तोच काजूचा हंगाम. खड्ड्यात कोळसा-मीठ घालून वर्षानुवर्षं पाणी न टाकलेली अर्थ प्लेट, किंवा दोन पिनी एक्स्टेन्शन. अर्थ तुटली की दोन समान वाय कपॅसिटरच्या मधोमध लटकलेली बॉडी ११५ व्होल्टवर जाते. ट्रे ओढणाऱ्या बाईच्या हाताला तो पाऊण मिलिअँपिअर लागतो. माणसाला करंट जाणवायला अर्धा पुरतो.

लोटे_लॅबवाला
रेझोनन्सचं गणित बरोबर, पण अर्थिंगचा मुद्दा उगाच भावनिक केलाय.

अर्थ तुटलेली असताना क्लास १ मशीन धोक्याचंच असतं, मग वाय २.२ चा असो की नसो. हीटरचं इन्सुलेशन गेलं तर बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट, आणि तिथे करंट थांबवायला कपॅसिटर नाही. म्हणजे दोष अर्थचा आहे. त्यावर उपाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे अर्थकडे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच. ५० व्होल्ट भागिले ३० मिलिअँपिअर, १६६७ ओहमपर्यंतच्या अर्थवरही तो काम करतो. जांभ्यातली वाईट प्लेटसुद्धा त्यात बसते. स्टँडर्डने ३.५ दिलेत ते विचार करूनच.

फक्त एक तपासून घ्या. १८ किलोच्या आतलं आणि कुठे न बसवलेलं उपकरण पोर्टेबल धरतात, तिथे मर्यादा ०.७५. तुमचं २२ किलो आहे म्हणून स्थिर. पण चाकं लावून 'चालू असताना हलवा' असं माहितीपत्रकात छापलंत तर ते पोर्टेबल झालं. लीकेज मोजतात १.०६ पट व्होल्टेजवर, म्हणजे जवळपास २४४ व्होल्टला. तिथे १० नॅनोफॅरडचे ०.७७ येतात, फेल. कपॅसिटरचा २० टक्के टॉलरन्स धरला तर ०.९२.

मालवणी_मेगर
दोघांनीय हीटर विसरलो. लीकेज मोजतत पुऱ्या मशीनचा, एकट्या फिल्टराचा नाय.

नळीच्या हीटरमधली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड हवेतली ओल ओढते. ड्रायर जूनपासून चार-पाच महिने पडवीत पडून असतो. हंगामात पहिल्यांदा चालू केला की हीटरचंच लीकेज काही मिलिअँपिअर असू शकतं. टोकाची सिलिकॉन सील धड नसेल तर हमखास. आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडायला मोकळा. एका शेडमध्ये एकाच आरसीसीबीवर सहा ड्रायर असले तर वाय कपॅसिटरचेच साडेचार झाले, त्यावर एक ओला हीटर. मग ट्रिप. मग वायरमन येऊन काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे: आरसीसीबी बायपास. लोटेवाल्यांचा उपाय तिथेच संपतो.

लॅबमध्ये ४८ तास ९३ टक्के आर्द्रतेत ठेवून लगेच लीकेज आणि हायपॉट (जास्त व्होल्टेजची इन्सुलेशन टेस्ट) घेतात. तिथे हीटर आणि फिल्टर दोघांची बेरीज बघितली जाते. ३.५ मधले २ मिलिअँपिअर हीटरसाठी राखून ठेवा, असं मी म्हणेन.

कुडाळ_पॅनेल
आरसीसीबीचा मुद्दा मान्य. मग १९५ साठी एक्स कपॅसिटर ०.१ वरून ०.४७ मायक्रोफॅरड करतो. ब्लीडर, म्हणजे तो कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर, १ मेगाओहमचा आहेच.

जांभाकातळ
ब्लीडर पुरणार नाही. ०.१ मायक्रोफॅरडच्या वर गेलात की प्लग काढल्यावर एका सेकंदात पिनांवर ३४ व्होल्टच्या आत यावं लागतं. ३२५ च्या पीकपासून ०.४७ आणि १ मेगाओहमने सेकंदाला ३९ व्होल्ट उरतात. ३३० किलोओहमचे दोन सिरीजमध्ये घाला, १३ व्होल्ट येतील, आणि कपॅसिटर २० टक्के जास्त भरला तरी २२. एकच रेझिस्टर नको. ३२५ व्होल्ट एकट्या छोट्या चिपवर पेलवत नाहीत.

एक्स२ घेताना ८५ अंश, ८५ टक्के आर्द्रतेला टेस्ट केलेला घ्या. साध्या मेटलाइज्ड फिल्मचा धातूचा थर दमट हवेत खाल्ला जातो आणि कपॅसिटी उतरते. आज पास झालेलं मशीन दोन पावसाळ्यांनी एमिशनला नापास, आणि कुणाला पत्ताही नाही.

१६ मेगाहर्ट्झ मुळाशी मारा. ते बहुधा सप्लायच्या स्विचिंग मॉस्फेटच्या ड्रेनचं रिंगिंग. गेट रेझिस्टर १० वरून ३३ ओहम करून बघा, आणि सेकंडरी डायोडवर २२ ओहम आणि १०० पिकोफॅरडपासून स्नबर (रिंगिंग दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) सुरू करा. मॉस्फेट तापतो का ते बघत जा. ड्रेनचं तांबं जेवढं लहान तेवढं बरं. हीटसिंक बॉडीला नव्हे, प्रायमरीच्या शून्याला बांधा. मग मात्र तो लाइव्ह धरून झाकावा लागतो.

लोटे_लॅबवाला
हे बरोबर, पण १ ते ३ मेगाहर्ट्झचं काय? ते कॉमन मोड आहे, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्हींत एकाच दिशेने जाऊन अर्थमधून परतणारं, ब्लोअरच्या इन्व्हर्टरचं, मोटरच्या बॉडीतून अर्थला जाणारं. तिथे वाय लागतोच. नाहीतर मोठा चोक (गोंगाट अडवणारी कॉइल), आणि १० अँपिअर सोसणारा चोक ना जागेत बसेल ना किमतीत.

जांभाकातळ
१० अँपिअर कशाला? हीटर झीरो-क्रॉसिंग एसएसआरवर (व्होल्टेज शून्याला असताना चालू होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रिलेवर) आहे, त्याला फिल्टर लागत नाही. त्याची वायर फिल्टरच्या आधीच फोडा, इलेक्ट्रॉनिक्सला २ ते ३ अँपिअरचा १० मिलिहेन्रीचा चोक पुरेल.

लोटे_लॅबवाला
कागदावर. प्रत्यक्षात हीटरच्या वायरी ब्लोअरच्या वायरींबरोबर एकाच बंडलात बांधलेल्या असतात. इन्व्हर्टरचा गोंगाट त्या उचलतात आणि फिल्टरला वळसा घालून थेट प्लगला पोचवतात. असं करायचं तर दोन्ही वायरिंग १० सेंटिमीटर लांब, शक्यतो पत्र्याच्या दोन बाजूंना. मोटर केबलला शील्ड, आणि दोन्ही टोकांना पूर्ण गोल क्लॅम्प. शील्डची शेपटी वळून स्क्रूखाली दाबली की वरच्या फ्रीक्वेन्सीला ती असून नसल्यासारखी.

आणि अंधेरीच्या ईआरटीएल लॅबला किंवा पुण्याला जाण्याआधी घरी स्कॅन करणार असाल तर लिस्न (सप्लाय आणि मशीनच्या मधे बसवून गोंगाट मोजायचं सर्किट) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच चालवा. लिस्नमधून अर्थला अर्ध्या अँपिअरहून जास्त करंट जातो, आरसीसीबी क्षणभरही टिकणार नाही. लिस्नची बॉडी आधी अर्थला पक्की, मग सप्लाय. २ बाय २ मीटरचा अ‍ॅल्युमिनियम पत्रा, मशीन पत्र्यापासून ४० आणि लिस्नपासून ८० सेंटिमीटर. अ‍ॅनालायझरच्या तोंडाला १० डीबी अ‍ॅटेन्युएटर आणि लिमिटर. मशीन चालू-बंद करताना केबल काढून ठेवा, नाहीतर पुढचा भाग उडतो. क्वासी-पीक नसेल तर ९ किलोहर्ट्झ बँडविड्थवर साधा पीक घ्या. तो अ‍ॅव्हरेजच्या मर्यादेखाली असेल तर निश्चिंत. मशीन बंद ठेवून आधी एक स्कॅन घ्या, शेजारच्या इन्व्हर्टरचा कचरा मर्यादेच्या ६ डीबी तरी खाली हवा.

मालवणी_मेगर
मधला मार्ग ४.७ नॅनोफॅरड, वाय२ मार्किंगचा, पाय कापून बोर्डाला चिकटवलेला. २४४ व्होल्टला ०.३६, टॉलरन्ससह ०.४३. चाकांची भानगडही मिटते.

जांभाकातळ
४.७ ला माझी हरकत नाही, चोक आणि वायरिंग आधी करून बघितल्यावर. उलट क्रमाने नको. आणि बोर्डावर फेज-अर्थ अंतर बघा. २५० व्होल्टला साध्या एफआर-४ वर स्वच्छ हवेसाठी २.५ मिलिमीटर क्रीपेज (पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर) चालतं. काजूची भुकटी आणि खारी दमट हवा म्हणजे पोल्युशन डिग्री ३, तिथे ४ लागतात. मोठ्या वायसाठी जागा काढताना हेच अंतर खाल्लं जातं.

लोटे_लॅबवाला
वायच्या दोन पायांच्या मधे बोर्डात निदान दीड मिलिमीटर रुंद खाच कापा, म्हणजे भुकटीची पट्टी धरतच नाही. क्रमाबद्दल मात्र माझं मत तेच: आधी ४.७ लावून स्कॅन, मग चोक. दोन पार्टांचं काम पंधरा मिनिटांचं, वायरिंग बदलायला पत्र्याचा ड्रॉइंग बदलावा लागतो.