यकृत प्रत्यारोपणानंतर घरी आलेले मूल : कोणती भीती बाळगावी आणि कोणती सोडावी?

प्रश्न : रामबागची आजी, इंदूर

सप्रेम नमस्कार. माझ्या नातवाचे यकृत प्रत्यारोपण सात महिन्यांपूर्वी मुंबईत झाले. तेव्हा तो अकरा महिन्यांचा होता. आता दीड वर्षाचा आहे, भिंतीला धरून चालतो आणि दिसेल ते तोंडात घालतो.

थोडे मागचे सांगते. जन्मानंतरची कावीळ तिसऱ्या आठवड्यातही उतरली नाही, तेव्हा ‘आमच्या सगळ्या मुलांना झाली होती, कोवळ्या उन्हात धरा’ असे सांगणारी मीच होते, आणि ज्या डॉक्टरांकडे आम्ही जात होतो त्यांनीही तेच सांगितले. बाळाची शी पांढुरकी, ओल्या खडूसारखी होत असे. त्याचे लंगोट रोज माझ्याच हातांनी धुतले जात, पण तो रंग दुधामुळे असावा अशी माझी समजूत होती. पित्तनलिका जन्मतःच बंद आहेत, म्हणजे बिलिअरी अट्रेसिया आहे, हे कळले तेव्हा तो 84 दिवसांचा झाला होता. या आजारात आतडे थेट यकृताला जोडण्याची जी शस्त्रक्रिया करतात तिला ‘कसाई’ म्हणतात. नाव ऐकून मी दचकले होते, पण ते एका जपानी शल्यचिकित्सकाचे आडनाव आहे. ती साठ दिवसांच्या आत झाल्यास पित्त वाहू लागण्याची शक्यता अधिक असते. आमची उशिरा झाली, पित्त वाहिले नाही आणि प्रत्यारोपणावाचून मार्ग उरला नाही.

इंदूरमध्ये 2015 पासून ग्रीन कॉरिडॉर, म्हणजे मृत दात्याचा अवयव वेगाने पोहोचवण्यासाठी वाहतूक थांबवून मोकळे केलेले रस्ते, होत आले आहेत, त्यामुळे ‘तुम्हाला इथेच अवयव का मिळाला नाही?’ असे आम्हाला पुष्कळांनी विचारले. इतक्या लहान बाळाला यकृताचा छोटा तुकडाच पुरतो आणि तो बहुधा घरातल्या माणसाकडूनच घेतात, हे प्रत्येकाला नव्याने समजावावे लागले. मी स्वतः पुढे झाले होते. 2011 च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबाही कायद्याने जवळच्या नातेवाइकांत येतात; परंतु माझे वय 64 आणि रक्तगट बी, बाळाचा ओ. सुनेचा ओ निघाला आणि तिने आपल्या यकृताचा डावीकडचा सुमारे पाचवा हिस्सा दिला.

आता प्रश्न. रुग्णालयाने दिलेल्या पत्रकात ‘गर्दी टाळा’ असे लिहिले आहे, पण गर्दी म्हणजे किती माणसे हे लिहिलेले नाही. माझा मुलगा दाराशी आलेल्या शेजाऱ्यालाही परत पाठवतो. जाऊबाई प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा पाठवतात. घरात तीन वर्षांची पुतणी आहे, तिला पोलिओचे डोस द्यावेत की नाही यावरून वाद आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, जवळ आली आहे. शिवाय त्याच्या आजारपणात मी खजराना गणपतीच्या मंदिरामागच्या भिंतीवर नवसाचे उलटे स्वस्तिक काढून आले होते. ते सरळ करायला त्याला घेऊन जायचे आहे. यांतले काय चालेल, काय चालणार नाही? ज्यांनी हे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : सुदामानगरचा एक बाप

आजी, नमस्कार. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिचे प्रत्यारोपण ती दोन वर्षांची असताना दिल्लीत झाले. पहिले वर्षभर आम्हीही तुमच्या मुलासारखेच वागलो, आणि मागे वळून पाहता असे वाटते की आम्ही निम्मी भीती चुकीच्या ठिकाणी खर्च केली. पाहुण्यांच्या चपला दाराबाहेर, पडदे दर आठवड्याला गरम पाण्यात, वर्तमानपत्रालाही इस्त्री. आणि इतके करून नेमका खोकल्याच्या औषधाने घात केला.

झाले असे की तिला सर्दी-खोकला झाला, प्रत्यारोपण केंद्राला फोन करण्याऐवजी आम्ही जवळच्या दवाखान्यात गेलो आणि तिथे क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिले गेले. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीराने नवे यकृत नाकारू नये म्हणून रोज द्यायचे औषध, घेणाऱ्या मुलाला हे प्रतिजैविक दिले की यकृतात टॅक्रोलिमसचा निचरा मंदावतो आणि रक्तातली त्याची पातळी चढते, हे ना आम्हाला ठाऊक होते ना आम्ही त्या डॉक्टरांना तिची औषधे नीट सांगितली होती. चौथ्या दिवशी पेला धरताना तिचे हात थरथरू लागले, तेव्हा कुठे आम्ही रक्त तपासले. काही बुरशीनाशक औषधांनीही असेच होते. उलट क्षयाचे रिफाम्पिसिन किंवा फिट्सचे फेनिटॉइन दिले तर पातळी उतरते आणि शरीर नव्या यकृताला नाकारण्याचा धोका वाढतो. तापासाठी आयबुप्रोफेन नको, कारण टॅक्रोलिमसचा मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो. जुलाब लागले तर ‘औषध बाहेर पडले असेल’ असे समजून जास्त डोस देऊ नका. जुलाबांत ही पातळी बहुधा वाढतेच. पपनसही नको. संत्र्याची भीती नाही.

आमच्या घरात सकाळी आठ आणि रात्री आठ या वेळा देवपूजेपेक्षा काटेकोर आहेत. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईहून परतताना गाडीतही गजर लावलेला असतो. रक्त द्यायचे असेल त्या दिवशी मात्र सकाळचा डोस रक्त दिल्यानंतर, कारण डोसाच्या आधीची सर्वांत खालची पातळी मोजायची असते. आम्ही एकदा सवयीने आधीच औषध पाजून प्रयोगशाळेत गेलो आणि आलेल्या भलत्याच आकड्याने दोन रात्री झोपलो नाही.

काढ्याबद्दल जाऊबाईंना दुखवायचे नसेल तर एवढेच सांगा की बाळाला दिवसातून दोनदा जे औषध देतो ते प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवण्यासाठीच आहे. ती वाढवायची म्हणजे नव्या यकृतावर हल्ला करणाऱ्यांना बळ द्यायचे. शिवाय गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केल्या होत्या. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही खरे; पण तो वाद आपल्या नातवाच्या अंगावर सोडवून पाहण्याचे कारण नाही.

गर्दीचे म्हणाल तर माणसे मोजू नका. ज्यांना आज ताप, खोकला किंवा पुरळ नाही हे आपल्याला विचारता येते, त्यांनी हात धुऊन खुशाल यावे, बाळाशी खेळावे. ज्यांना विचारता येत नाही, ती गर्दी. त्या हिशेबाने शेजारी चालतील, गेर चालणार नाही, राजवाड्याजवळच्या एखाद्या गच्चीवरूनही यंदा नको, कारण तिथे गुलालाची धूळ आणि अनोळखी माणसे दोन्ही आहेत. तुमच्या सज्जात कबुतरे बसत असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. त्यांच्या विष्ठेतल्या बुरशीची भीती खरी आहे. आमच्याकडे आईने दाणे टाकणे बंद केले, त्याबद्दल ती अजून माझ्यावर रुसलेली असते.

उत्तर : निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ग्वाल्हेर

वरच्या उत्तरात एका गोष्टीची भर घालतो. शरीर यकृताला नाकारू लागले तरी सुरुवातीला मूल हसते-खेळते असू शकते. यकृताची इजा दाखवणारे रक्तातले एन्झाइम मात्र आधी चढलेले असतात. म्हणून ‘बाळ छान आहे, या वेळी रक्त राहू द्या’ हे वाक्य घरात कोणीही उच्चारू नये. माझ्या नोकरीच्या काळात ते मी पुष्कळदा ऐकले आहे, आणि दर वेळी सुई पाहून रडणाऱ्या मुलापेक्षा आजी-आजोबांच्या तोंडून अधिक.

पोलिओबद्दल. थेंबांमध्ये जिवंत, दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो डोस घेतलेल्या मुलाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. म्हणून नातवाला तर थेंब द्यायचेच नाहीत, आणि त्याच्याबरोबर एका घरात राहणाऱ्या पुतणीलाही थेंबांऐवजी इंजेक्शनची लस द्यावी असा सल्ला दिला जातो. घरोघरी येणाऱ्या कार्यकर्तीला हे आधीच सांगून ठेवा. थेंब दिले गेलेच असतील तर घाबरू नका. तिला शी झाल्यावर सर्वांचे हात साबणाने धुणे आणि काही आठवडे तिचे कपडे वेगळे ठेवणे हे करता येते. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या याही जिवंत लसी आहेत. नातवाला त्या केंद्राच्या लेखी सल्ल्याशिवाय नकोत. पुतणीला मात्र गोवराची लस अवश्य द्या, तिच्यामुळे त्याचेच रक्षण होईल. कांजिण्या झालेल्या मुलाजवळ तो गेल्याचे कळले, तर पुरळ उठण्याची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्राला फोन करा. ताप 100.4 फॅरनहाइटला पोहोचला तरी तसेच.

आणि धीरासाठी एक. भारतातले पहिले यशस्वी बाल-यकृत प्रत्यारोपण 1998 च्या नोव्हेंबरात दिल्लीत झाले. मूल दोन वर्षांचेही नव्हते, आजार तुमच्या नातवाचाच होता आणि यकृताचा तुकडा वडिलांचा होता. तो मुलगा पुढे डॉक्टर झाला.

उत्तर : बडोद्याची एक आई

मी स्वतः माझ्या मुलासाठी यकृताचा भाग दिला आहे, म्हणून विचारते. आजी, तुमच्या सूनबाईंचे कसे आहे? दिलेले यकृत काही महिन्यांत बऱ्याच अंशी भरून येते हे सर्वांना माहीत असते. परंतु टाके असताना मला जड उचलायची मनाई होती, त्यामुळे मूल हात पसरून रडत असे आणि मी बसूनच राहत असे. बरी होऊन उभी राहिले तोवर ते आपल्या आजीच्याच कडेवर रुळले होते. त्या काळात मला पोट दुखते का हे विचारणारे खूप होते. तो माझ्याकडे येत नाही, हे मी कोणाला सांगितले नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर : रामबागची आजी, इंदूर

सर्वांची ऋणी आहे. कबुतरांसाठी मुलाने जाळी सांगितली आहे आणि सज्जात गुळवेलीची कुंडी होती ती जाऊबाईंकडे परत पाठवली. काढ्याचे कारण त्यांना पटले. निदान त्या तसे म्हणाल्या. पुतणीच्या इंजेक्शनची चौकशी चालू आहे.

बडोद्याच्या ताईंचे उत्तर मी सुनेला वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. नातू माझ्याच कडेवर होता, तो तिने घेतला, आणि तो रडला तरी मी या वेळी हात पुढे केला नाही. रात्रीचा आठचा डोस आतापर्यंत मी देत होते; तो कालपासून ती देते.

खजरान्याला बुधवारची गर्दी टाळून काल भल्या पहाटे मी एकटीच गेले. भिंतीवर इतकी स्वस्तिके होती की माझे कोणते हे सापडेना, तेव्हा मोकळ्या जागी एक सरळ काढले आणि रक्त द्यायचा दिवस असल्यामुळे साडेसातच्या आत घरी परतले.