पुणेरी पलटणचा अकरावा हंगाम : चढाई कुठे अडली?

प्रश्न : १ मार्च २०२४ रोजी प्रो कबड्डी लीगच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सना २८-२५ असे हरवून विजेता ठरलेला आपला संघ पुढच्याच हंगामात बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही, याचे मुख्य कारण चढाईत शोधावे की बचावात?

उत्तर १ : माझ्या मते चढाईतच. आपला चढाईपटू अस्लम इनामदार दुखापतीमुळे हंगामाच्या मध्यातच बाहेर पडल्यावर सारा भार पंकज मोहिते आणि मोहित गोयत यांच्यावर आला. दोन रिकाम्या (गुण न मिळालेल्या) चढायांनंतरची तिसरी चढाई ‘करो या मरो’ असते. त्या वेळी समोरचा बचाव आधीच सावध असतो आणि चढाईपटू गुण न घेता परतला तरी बाद होतो व गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. अस्लम अशा क्षणी घाई करत नसे. बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून, जादा गुण घेऊन परत येण्याचा त्याचा संयम (बोनस समोर सहा किंवा अधिक बचावपटू असतानाच मिळतो, हे विसरू नये) इतरांत दिसला नाही.

उत्तर २ : सहमत आहे, पण अर्धेच. आपला बचावपटू मोहम्मदरेझा शादलू हरियाणाकडे गेला, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पकडी कमी झाल्या की बाद खेळाडू मैदानात परतत नाहीत, आणि मग चढाई करणार कोण?

उत्तर ३ : आणि २९ डिसेंबर २०२४ला आपल्याच पुण्यातल्या बालेवाडीत तोच शादलू हरियाणाच्या संघासोबत करंडक उचलताना पाहावा लागला! पुढच्या लिलावात आधी कोपरा (बचावफळीतली टोकाची जागा) भक्कम करावा, एवढेच माझे म्हणणे.