स्लीप ट्रॅकर बँड कपाटात नुसता पडून असला तरी बॅटरी का उतरते?

कोपरखैरणेकर
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा मदत करा. घरात एक स्लीप ट्रॅकर बँड आहे, फक्त झोपेसाठी घेतलेला. नवऱ्याची ऐरोलीला शिफ्ट असते, कधी रात्रीची कधी दुपारची, झोपेचं पार खोबरं झालंय म्हणून मीच मागे लागून घ्यायला लावला. त्यांच्या फ्लोअरवर मोबाईल, घड्याळ, बँड काहीच नेऊ देत नाहीत. मोबाईल तिथल्या लॉकरमध्ये जातो, बँड घरीच काढून ठेवतात आणि मग तो कामाची वेळ संपेपर्यंत कपाटात पडलेला असतो. खोक्यावर लिहिलंय १० दिवस चालेल. इथे अर्धा वेळ हातावरच नसतो तरी आठवडासुद्धा निघत नाही. वापरलाच नाही तर चार्जिंग जातं कुठे? अजून एक विचित्र गोष्ट, मागच्या आठवड्यात ॲपमध्ये दुपारची चांगली दोन तासांची झोप दिसली, आणि तेव्हा हे कामावर होते, बँड कपाटात! दुकानदार म्हणाला रिसेट मारा, मारला, फरक शून्य. वॉरंटी आहे अजून. बॅटरीच खराब आलीये का?

शिफ्टवाला_घणसोली
ताई, ती कपाटातली झोप सगळ्यात महत्त्वाची आहे, बॅटरीला नावं ठेवायच्या आधी तिकडे बघा. बँडला वाटतंय की तो हातावरच आहे. रात्री लाईट बंद करून कपाट उघडा आणि मागचा हिरवा दिवा (कातडीवर उजेड टाकून ठोके मोजतो तो) लुकलुकतोय का बघा. बँड काढल्यावर तुम्ही बक्कल लावून गोल करून ठेवता का? तसं केलं की सेन्सरच्या समोर पट्ट्याची आतली बाजू येते, त्यावरून उजेड परत येतो आणि त्याला ती कातडी वाटते. गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवला तरी हे बँड ७०-८० चा हार्ट रेट दाखवतात, करून बघा. मग हालचाल नाही आणि ठोके 'शांत', म्हणजे माणूस झोपलाय असा हिशोब लावतो तो. तुमची दुपारची झोप तिथून आली असणार.

नौपाडा_सोल्डरिंग
वरच्या दादांचं बरोबर आहे, पण अर्धं. दुसरं कारण ब्लूटूथ. फोन जवळ असतो तेव्हा बँड आणि फोन ठरलेल्या वेळाने क्षणभर बोलतात आणि मधे दोघं गप्प, त्याला खर्च फार कमी. पण तुमचा फोन गेला रबाळे पार करून ऐरोलीला आणि बँड राहिला कोपरखैरण्यात. जोडणी तुटली की बँड गर्दीत हरवलेल्या माणसाला हाक मारत राहावं तसा तीन चॅनलवर पुन्हा पुन्हा सिग्नल टाकत राहतो, 'मी इथे आहे, मी इथे आहे'. चांगल्या बँडमध्ये थोड्या वेळाने हे अंतर वाढवतात, स्वस्तातल्या काहींमध्ये फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, तेवढं शहाणं नसतं. आणि फोन परत आला की साठलेला सगळा डेटा एकदम सिंक होतो, तो खर्च वेगळा.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. समजा बँडची बॅटरी १८० एमएएच, म्हणजे १ मिलीअँपिअर खर्च असेल तर १८० तास चालेल एवढी. १० दिवस म्हणजे २४० तास, म्हणजे सरासरी खर्च ०.७५ मिलीअँपिअर. आता हातावर नसताना दिवे व्यवस्थित बंद झाले तरी मोशन सेन्सर, आतलं घड्याळ, ब्लूटूथ हे चालूच असतं, त्याचा खर्च समजा ०.३ धरला तर ६०० तास, म्हणजे काहीही न करता २५ दिवसांत रिकामा. 'वापरात नाही' हे आपल्या दृष्टीने, त्याच्या दृष्टीने तो ड्युटीवरच आहे. खरा पॉवर ऑफ केला आणि १० मायक्रोअँपिअर (०.०१ मिलीअँपिअर) धरले तर १८,००० तास होतात, म्हणजे दोन वर्षं. प्रत्यक्षात तेवढं नाही चालणार कारण लिथियम बॅटरी स्वतःच महिन्याला साधारण १ ते ३ टक्के उतरते, पण फरक केवढा ते बघा. झोपेच्या अंगठ्या असतात त्यात तर बॅटरी जेमतेम १५-२० एमएएचची, तिथे एवढ्याशा गोष्टीने सुद्धा दिवस कमी होतात.

तर कामाला जाताना बँड सरळ पॉवर ऑफ करा. सेटिंगमध्ये शटडाऊन नसेल (बऱ्याच बिनस्क्रीनच्या बँडला नसतं) तर पट्टा उघडा ठेवून सेन्सर वर मोकळ्या हवेकडे करून ठेवा, समोर काही नको. आणि सतत ऑक्सिजन मोजायचं आणि उचलल्यावर स्क्रीन लागायचं बंद करा, झोपेसाठी ती स्क्रीन काय कामाची.

वाशी_सेक्टर१७
एवढा खटाटोप कशाला, काढला की चार्जरवर लावून ठेवा, संध्याकाळी १०० टक्के तयार. मी तर तेच करतो.

नौपाडा_सोल्डरिंग
@वाशी_सेक्टर१७ अर्धा-पाऊण तास ठीक आहे हो, पण रोज तासन् तास १०० टक्क्यांवर ठेवायचं आणि तेही एप्रिल-मेमध्ये बंद फ्लॅटमध्ये, हे नका करू. पूर्ण भरलेली बॅटरी आणि गरमी एकत्र आली की ती कायमची म्हातारी होते, तिची क्षमताच कमी होते, आणि इवल्याशा बॅटरीत ते लगेच जाणवतं. आंघोळीला जाताना लावायचा, ८० च्या आसपास आला की काढायचा, झोपेपुरतं ते भरपूर आहे. आणि चार्जिंगच्या पिना आठवड्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा. आपल्याकडच्या दमट हवेत घाम आणि मिठाने त्या हिरव्या पडतात आणि मग वाटतं चार्ज झाला, झालेला नसतो.

खारघरची_सई
माझा प्रश्न जवळचाच आहे म्हणून इथेच विचारते. आईचा बँड गणपतीत ती कोकणात गेली तेव्हा इथेच राहिला. परत आल्यावर चार्जरला लावला तर काहीच नाही, दिवा नाही, कंपन नाही. गेला का कामातून?

कोपरखैरणेकर
सगळ्यांचे मनापासून आभार. हिरवा दिवा खरंच चालू होता! बक्कल लावूनच ठेवत होते ते. आता पट्टा उघडा करून सेन्सर वर ठेवला तर दिवा थोड्या वेळात विझतो आणि कपाटातली झोप दिसायची बंद झाली. सुट्टीला ह्यांनी बँड लावलाच नाही तेव्हा पूर्ण बंद करून ठेवला, सोमवारी चालू केला तर टक्के जवळपास होते तिथेच. म्हणजे बॅटरी चांगली आहे, वॉरंटीला पळायची गरज नाही. कामाच्या दिवशी मात्र बंद करायला हे विसरतात, मग उघडा ठेवून जे होईल ते. तरी पहिल्यापेक्षा बरंच जास्त टिकतंय. अजून एक दिसलं, ८० वरून ६० ला भराभर येतो आणि मग बराच वेळ तिथेच, असं का?

नौपाडा_सोल्डरिंग
@कोपरखैरणेकर छान झालं. तो टक्का बहुतेक वेळा व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो, आणि लिथियमचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे आकडा कधी उडी मारतो कधी अडकतो. एका दिवसाचा आकडा बघू नका, चार्ज ते चार्ज किती दिवस गेले ते बघा.

@सई, लगेच टाकून देऊ नका. बॅटरी पार खाली गेली की आतलं संरक्षण सर्किट तिला तोडून टाकतं आणि मग चार्जर आधी अगदी थोडा करंट देऊन तिला वर आणतो, तोपर्यंत स्क्रीनवर काहीच दिसत नाही. पिना पुसा, साध्या ५ व्होल्टच्या चार्जरला लावा, निदान एक तास तसाच राहू द्या, पण समोर कुणीतरी असताना. मागचं झाकण किंवा काच उचलल्यासारखी दिसली, बँड फुगलेला वाटला तर मात्र अजिबात लावू नका, ई-कचऱ्यातच द्या. फार दिवस तळाला पडून राहिली असेल तर आतून खराब होते आणि मग उठत नाही. पुढच्या वेळी कोकणात जाताना ५०-६० टक्के ठेवून पॉवर ऑफ करा, शंभर भरून पण नाही आणि रिकामा पण नाही. आईंचा उठला का ते इथे लिहा.

खारघरची_सई
उठला!! तासाभराने बारीकसं कंपन झालं आणि मग १ टक्का दिसला. फुगलेला नाहीये, पाठ सपाट आहे, नीट बघितलं. आई खूश.