जास्तीची रायफल: ठेवायची, विकायची की नळी बदलायची?

बोल्टवाला
हिशोबी यांनी परवा ठणकावून लिहिलं की जी रायफल लागोपाठ दोन हंगाम कपाटाबाहेर आली नाही ती विकून मोकळं व्हावं, आणि "नळी बदलणं हा भावनेच्या भरात केलेला खर्च आहे". अर्ध्या वाक्यावर सोडून दिलं असतं, पण हे वाचून लोक चांगल्या ॲक्शन (नळीमागचा बोल्ट असलेला रायफलचा मुख्य भाग) मातीमोल भावात घालवतात, म्हणून हा धागा.

माझ्याकडे ३०-०६ काडतुसाची रायफल आहे आणि जोडीला २७०ची. दोघींचं काम एकच, मान्य. २७०चा घसा, म्हणजे नळीत काडतुसाच्या लगेच पुढचा भाग, झिजलाय, ग्रुप पांगतोय, एका नेमावरच्या गोळ्या जवळजवळ लागत नाहीत. पण बोल्ट लोण्यासारखा सरकतो, चाप मला हवा तसा सुटतो. आणि २७०, २८० रेमिंग्टन, २५-०६, ३५ व्हेलन ही सगळी ३०-०६च्याच घराण्यातली काडतुसं. बोल्टचं तोंड तेच, ॲक्शनची लांबी तीच. नळी बदलली की दुसऱ्या कामाची रायफल तयार. विकायला गेलो तर? घेणारा आधी बोरस्कोप (नळी आतून बघायची दुर्बीण) घालणार, घसा बघून नाक मुरडणार आणि भाव पाडणार. किंमत आहे ॲक्शनची, आणि जाणार ती झिजलेल्या नळीच्या भावात!

हिशोबी
माझं नाव घेतलंत तर माझा हिशोबही घ्या. नुसती नळी येत नाही. चेंबर (काडतूस बसायची जागा) कापणं, हेडस्पेस (बोल्ट आणि चेंबरमधलं अंतर) जुळवणं, ब्लूइंग (गंजू नये म्हणून निळसर मुलामा), नळी जाड घेतलीत तर दस्त्याची खाच रुंद करणं, बेडिंग (ॲक्शन दस्त्यात घट्ट बसवणं), सगळं आलं. बेरीज करा, नवी फॅक्टरी रायफल येते, तीही आजच्या आज. गनस्मिथच्या (बंदूक दुरुस्त करणाऱ्याच्या) रांगेत तुमचा पुढचा हंगाम जाणार. आणि उद्या विकायची झाली तर ३५ व्हेलनला गिऱ्हाईक शोधत बसा. जी काडतुसं प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, त्यांची रायफल फक्त मालकालाच आवडते.

जुना_नेमबाज
दोघंही थांबा. घसा गेला हे ठरवलं कोणी? शिकारीच्या रायफलीतून हंगामाला उडतात किती गोळ्या? २७०चा घसा जायला हजारांच्या हिशोबात उडवाव्या लागतात. ग्रुप पांगला की लोक आधी ॲक्शनचे स्क्रू बघत नाहीत, दुर्बिणीचे माउंट हलवून बघत नाहीत, क्राउनला (नळीच्या पुढच्या तोंडाला) टवका गेलाय का ते बघत नाहीत. थेट नवी नळी!

माझ्या एका मित्राची रायफल गनस्मिथने "नळी गेली" म्हणून निकालात काढली होती. मी तांबं काढणारं सॉल्व्हंट घातलं. चिंधी बाहेर आली ती गडद निळी. पुन्हा घातली, पुन्हा निळी. रात्रभर भिजत ठेवली, सकाळी परत तेच. शेवटी चिंधी पांढरी आली तेव्हा मित्राला रेंजवर नेलं. आजही त्याच नळीवर शिकार करतो तो. गनस्मिथने ते करून द्यायला हवं होतं, पण चिंधीचे पैसे किती मिळणार?

बोल्टवाला
काका, स्क्रू, माउंट, सफाई सगळं झालंय. बोरस्कोपनेही बघितलं. घशात भेगांचं जाळं आहे, आट्यांच्या (नळीतल्या पिळदार चरांच्या) कडा पुढे बऱ्याच अंतरापर्यंत बोथट. पहिला मालक टार्गेटवर तापल्या नळीतून एकामागून एक उडवायचा. मी घेतली तीच अशी.

जुना_नेमबाज
मग हे आधी लिहायचं होतंत. बरं, गेली नळी.

तांबडी_गोळी
नळी घेणारच असाल तर कॅलिबरआधी ट्विस्ट ठरवा, म्हणजे आट्यांचा पीळ; १:१० म्हणजे दहा इंचांत एक वेढा. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि लांब गोळीला जास्त पीळ लागतो. २७०च्या १:१० मध्ये १३० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) तांब्याची गोळी बिनबोभाट चालते, पण त्याहून लांब आणि जड हवी असेल तर १:८च्या आसपास जा. रेमिंग्टन कंपनीने १९५५ साली २४४ काडतुसाची रायफल काढली १:१२ ट्विस्टने, विंचेस्टरने त्याच साली २४३ काढली १:१० ने. लोकांना हरणासाठी १०० ग्रेनची गोळी हवी होती, २४४ मागे पडली. १९६३ साली तेच काडतूस ६ मिमी रेमिंग्टन या नावाने जास्त पिळाच्या नळीत आणावं लागलं, तोवर बाजार गेला होता.

जुना_नेमबाज
आली तांब्याची जाहिरात! कुठलाही धागा असो, हे हजर. तांब्याची गोळी लांबवर वेग मंदावला की फुलत नाही, आरपार जाते आणि सावज जखमी होऊन पळतं. एका हरणामागे मी अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरलोय. शिशाने ही वेळ कधी आणली नाही.

तांबडी_गोळी
कुठे लागली होती ती गोळी, ते नाही सांगितलंत. तांब्याला वेग लागतो हे खरं, म्हणून तर हलकी गोळी घेऊन वेगात सोडायची. शिशाची गोळी मांसात तुकडे सोडते, एक्स-रेमध्ये जखमेपासून लांबपर्यंत ठिपके दिसतात. कॅलिफोर्नियातले कॉन्डॉर, म्हणजे तिथली मोठी गिधाडं, १९८२ साली २२ उरले होते. आजही त्यांच्या मृत्यूचं मोठं कारण शिसंच, शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या आतड्यांतून पोटात गेलेलं. तिथे २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी बंद, डेन्मार्कमध्ये १ एप्रिल २०२४ पासून. नवी नळी वीस वर्षं टिकणार. तेव्हा शिसं मिळेल याची हमी तुम्ही देता?

जुना_नेमबाज
आमच्या बापजाद्यांनी शिशाने मारलेलंच खाल्लं. तुमच्याएवढे चिडके तरी नव्हते.

तांबडी_गोळी
चिडचिड हे शिशाच्या विषबाधेचं एक लक्षण आहे, काका. तपासून घ्या.

हिशोबी
गिधाडांवरून भांडणं झाली असतील तर मूळ प्रश्नाकडे या. तांब्याच्या गोळ्यांचा डबा मी घेतो तेव्हा हात थरथरतो. तो खर्चही बेरजेत धरा.

डावखुरी
मघापासून वाचतेय. नळी, ट्विस्ट, कॉन्डॉर, सगळं झालं. ती रायफल चालवणार कोण, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. आमच्या बाबांनी अशीच जास्तीची रायफल "पोरीसाठी" २५-०६ करून घेतली, धक्का कमी म्हणून. हौसेने केलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मी डावखुरी आणि बोल्ट उजवीकडे. पहिली गोळी सुटली की डावा हात चापावरून काढायचा, दुर्बिणीवरून पलीकडे न्यायचा, बोल्ट ओढायचा, तोवर डोळा दुर्बिणीतून सुटलेला. दस्ताही बाबांच्या हाताच्या मापाचा, जाड कोट घातला की खांद्यात नीट बसत नाही. त्या पैशात डाव्या हाताची साधी रायफल आली असती. ती पण आता आहेच कपाटात, कोणी विकू देत नाही.

बोल्टवाला
ताई, मी एकटाच चालवणार आणि उजव्याच हाताने. पण दस्त्याचा मुद्दा घेतला, आहे तोच ठेवायचा, म्हणजे नळीही जुन्याच जाडीची घ्यायची. २८० करतोय, १:८ ट्विस्ट. तांबं, शिसं दोन्ही चालेल, दोघांनीही श्रेय घेऊ नये. आणि ही रायफल ३०-०६ला राखीवही राहील. भर हंगामात एकीची दुर्बीण धुक्याने भरली की दुसरी हाताशी लागते, हे ज्याच्याकडे एकच असते त्याला विचारा.

हिशोबी
करा. जुनी नळी फेकू नका, मूळ नळीसकट रायफल घेणारे असतात. गनस्मिथकडून हेडस्पेस गो आणि नो-गो दोन्ही गेजने (एकावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर नाही) समोर तपासून घ्या, नुसत्या "झालंय" वर जाऊ नका. आणि कधी कंटाळलात तर आधी मला कळवा, माझ्या एका कामासाठी अशीच ॲक्शन शोधतोय.

जुना_नेमबाज
अरे वा! परवापर्यंत विका म्हणत होते ते यासाठी होय?