'हरदास' म्हटलं की सुटलेलं पोटच का?

ओसरीवरून:
एका तरुण मित्राच्या कथेचा खर्डा वाचला. उत्सवात कीर्तन करणाऱ्याला त्याने 'हरदास' म्हटलंय आणि पुढच्याच ओळीत सुटलेलं पोट, ताटावरची नजर. असा माणूस पाहिलास कुठे, विचारलं. तर म्हणतो, "हरदास म्हटलं की तसाच डोळ्यांपुढे येतो!" माझी तक्रार हीच. हरिदास म्हणजे हरीचा दास. 'हरिचिया दासा हरि दाही दिशा' म्हणणाऱ्या एकनाथांना त्यात कमीपणा दिसला नाही. दक्षिणेची पिशवी त्याला कथा-नाटकांनी चिकटवली. नव्या लेखकांनी शब्द पुन्हा सरळ वापरावा.

चिपळी:
लेखकांवर खापर कशाला? तुकोबाच बजावतात, 'जेथे कीर्तन करावे, तेथे अन्न न सेवावे'. शेवटी तर द्रव्य घेणारे आणि देणारे दोघंही नरकात! म्हणजे 17व्या शतकातही हा धंदा जोरात असणार. शब्द मळला तो त्यानं. लिहिणाऱ्यांनी पाहिलं ते लिहिलं.

ओसरीवरून:
त्या अभंगात बोल आहे तो पैसे घेण्याला. 'हरदास' शब्द त्यात आहे कुठे?

मूळपद:
'हरदासाची कथा मूळपदावर' ही म्हणसुद्धा टिंगलीची नाही हो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एक पद घेऊन निरूपण, मग नामाचा गजर, उत्तररंगात आख्यान. दृष्टान्त देत, साक्या, दिंड्या या वृत्तांतली पदं गात कितीही लांब भटकला तरी पदाशी अलगद परत येणं, हे त्याचं कसब. आपण ती म्हण पाल्हाळ लावणाऱ्यावर फेकतो. आणि पुराणातली वांगी पुराणिकबुवांची, ती हरदासाच्या टोपलीत नकोत. पुराणिक बसून पोथी सांगतो, हरदास उभ्याने गातो, प्रसंगी नाचतो. कथांमध्ये दोघांची खिचडी होते, मला त्याचा जास्त राग येतो.

टाळकरी:
आमच्या वारकरी घरात हा शब्दच नाही. एक अभंग घ्यायचा, मागे टाळकरी उभे, आणि सांगणारे ते 'महाराज'. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन लोकांनाच प्रश्न विचारत कीर्तन करायचे, त्यांना हरदास म्हणून बघा बरं! या शब्दाला पगडी-उपरण्याचा वास आहे. तो अख्ख्या महाराष्ट्राच्या गळ्यात घालू नका.

ओसरीवरून:
अर्धं मान्य. नारदीयापुरता तरी राहू द्या. तंजावरला मराठ्यांच्या राज्यात आपलं कीर्तन रुजलं, साकी-दिंडी तमिळ हरिकथेत गेल्या. तिथे कथा करणाऱ्याला 'भागवतर' म्हणतात, तेही मानाने.

चिपळी:
भागवतरालाही बिदागी लागतेच की!

आजीची झांज:
तुमच्या सगळ्या वादात बाई कुठे बसते? माझी आजी देवळात कीर्तन करायची. तिला हरदास म्हणायचं? 'हरदासीण' म्हटलं तर हरदासाची बायको वाटते. 'कीर्तनकार' रुक्ष असेल, पण तिला तो नीट बसायचा.

ओसरीवरून:
याला माझ्याकडे उत्तर नाही.
खर्ड्याचं सांगतो. मित्राने 'हरदास' ठेवलाय, पोट काढून टाकलंय. ताटावरची नजर मात्र सोडायला तयार नाही. म्हणे, तीन तास उभ्याने गायल्यावर भूक लागणारच.